न मांडलेली ताटली

सिडनीतल्या पेंडल हिलला एका लिथुआनियन आजींकडे मी होम केअरला जाते. दर बुधवारी सकाळची शिफ्ट. आजी नव्वदीच्या पुढच्या, डोळ्यांनी अधू, पण माझ्या कामात खोट काढायला सदा तयार. मीही फटकळच, त्यामुळे आमचं जमलं.

त्या बुधवारी त्यांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. तिकडच्या सोव्हिएत काळातल्या गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली आता लोकांना बघायला मिळतात. नात्यातल्या एका मुलीने आजींची फाईल शोधून, इंग्रजीत करून पाठवली होती.

"वाच," आजी म्हणाल्या. "भाऊ माझ्यामुळे गेला का, एवढं मला मरायच्या आधी कळू दे."

ती गोष्ट मला पाठ होती. महायुद्धानंतर आजी नवऱ्याबरोबर निर्वासित म्हणून सिडनीला आल्या. धाकटा भाऊ तिकडेच सोव्हिएत फौजेशी लढला, मग खोट्या नावाने लपून राहिला. त्याला कोणी शोधू नये म्हणून आजी इथे सगळ्यांना सांगायच्या, तो यंदा जंगलात मारला गेला. तरी काही महिन्यांत पोलिसांनी त्याला उचललं आणि सैबेरियातून तो परत आलाच नाही. आपल्याच एखाद्या पत्राने घात केला, असं मानत आजींनी सत्तर वर्षं काढली.

मी आधी मनात वाचून घ्यायला हवं होतं. पण मला मेलीला कायमची घाई. मोठ्याने वाचत सुटले. पत्राबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. होतं ते सिडनीतल्या कोणा खबऱ्याने आजींकडच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाबद्दल कळवलेलं.

"जेवायला तिघंच होतो. बाई, तिचा नवरा आणि मी. भाऊ या वर्षी वारला असं बाई सांगते. पण त्याची रिकामी ताटली मांडलेली नव्हती. माझ्या मते भाऊ जिवंत आहे."

मला काहीच कळेना. मग आजींनी सावकाश सांगितलं. त्यांच्यात त्या जेवणाला, वर्षभरात घरातलं जे गेलं असेल त्याच्या जागी रिकामी ताटली ठेवतात, तिच्यात मेणबत्ती लावतात.

"तोंडाने खोटं बोलले गं मी. पण जिवंत भावाची ताटली मांडायला हात धजला नाही."

पितृपक्षात जिवंत माणसाचं पान माझ्या आईनेही वाढलं नसतं, कोणी कितीही सांगितलं तरी.

"तिसरं कोण होतं?" मी विचारलं. खरं तर कळलं होतं. आजींबरोबर एकाच बोटीने आलेली, तेव्हापासून दर नाताळला त्यांच्याकडे जेवणारी मैत्रीण. दर बुधवारी अकराला वॉकर ढकलत येते, मधाचा केक आणते, पहिला तुकडा मला देते. मी तो आवडीने खाते. साडेदहा वाजून गेले होते.

"मी फोन करून सांगते, आज येऊ नका म्हणून," मी म्हटलं. मला संताप आला होता, आणि भीतीही वाटत होती.

"नको. टेबल मांड. तीन ताटल्या." मग त्यांनी चाचपडत खण उघडला आणि एक मेणबत्ती माझ्याकडे दिली. कुठे ठेवायची ते सांगितलं. मी ती ताटलीत उभी करून पेटवली.

बेल वाजली. मी दार उघडलं. मैत्रीण नेहमीसारखी हसली, केकचा डबा मला दिला, आत आली आणि टेबलापाशी थबकली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"बस," आजी म्हणाल्या. "तुझीच जागा आहे ती."