सैल झालेली ओळ

लग्नाआधी शिंपीमास्तरांनी बायकोला अकरा पत्रं लिहिली होती आणि प्रत्येक पत्रात एक कविता घातली होती. लग्न झालं, सामान लावताना ट्रंकेतून एका मोठ्या कवीचा संग्रह निघाला आणि त्यात अकराच्या अकरा कविता जशाच्या तशा सापडल्या. बाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी तो संग्रह पाठ केला, मग त्या कवींचे उरलेले तिन्ही.

"कशी झालीय?" मास्तर नवी कविता वाचून विचारायचे.

"छान. तिसऱ्या संग्रहातली, पान चाळीस."

मास्तर काही मुद्दाम चोरत नव्हते हो. ते कवीच त्यांच्या हाडीमाशी खिळले होते, त्याला ते तरी काय करणार? बायकोनं एकदा 'ही तुमची' म्हणावं, एवढीच त्यांची आस होती आणि तीस वर्षं ती पुरी होत नव्हती. कुणीतरी सांगितलं, निसर्गात जाऊन बसा. मास्तर पहाटे वही घेऊन तळ्याकाठी बसले. पण तळं पाहिलं की कवींचं तळं आठवायचं, ढग पाहिला की कवींचा ढग. शेवटी झाडावरच्या बगळ्यानं वहीवर आपला अभिप्राय टाकला, तेवढाच काय तो अस्सल.

दुकानात मापं मास्तर आखायचे, कात्री बाई चालवायच्या. मापाखाली खडूची जाड रेघ असली की तिथे कापायचं, हा दुकानाचा कायदा होता. त्या दिवशी टेबलावर वकीलसाहेबांच्या कोटाचं काळं कापड पसरलं होतं आणि खिडकीत एक चिमणी चिंध्यांतला लाल दोरा ओढत होती. मास्तर आखता आखता थांबले. वही घरी राहिलेली, हातात खडू. त्यांनी कापडावरच दोन ओळी लिहिल्या, फार आवडल्या म्हणून खाली जाड रेघ मारली आणि चहा सांगायला गेले.

परत आले तेव्हा कोटाचं जाकीट झालं होतं. नेमके बटणं द्यायला आलेले वकीलसाहेबही दारात उभे.

"अगं, हे काय केलंस!" मास्तर ओरडले.

"रेघ कुणाची? तुमचीच ना?" म्हणत बाईंनी तुकडा उचलला आणि मग कुठे त्यांना रेघेवरची अक्षरं दिसली.

*चिमणी ओढी लाल दोरा, मागे मागे सरकत जाई,*
*घर बांधायला निघालेल्या बाईला मागे वळून बघायला वेळच नाही.*

बाईंनी डोळे मिटले. आता चारही संग्रह पानापानानं उलटले जात आहेत, हे मास्तर ओळखून होते. त्यांचा जीव टांगणीला लागला. कोटाचं त्यांना भानही नव्हतं.

"दुसरी ओळ अंगाला सैल झालीय," बाई म्हणाल्या. "त्या कवींची ओळ अशी कधी सैल नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे ही तुमची." त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवत. "आणि ती खरंच अशी मागं मागं जाते हो. मी रोज बघते."

मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. धावत जाऊन त्यांनी वकीलसाहेबांचे दोन्ही हात धरले.

"साहेब, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार!"

"ऐकलं," वकीलसाहेब म्हणाले. "हवं तर लिहूनही देतो. आता माझ्या कोटाचं बोला."