वीस रुपयांचा पावशेर

आई गेली तेव्हा माझ्यासाठी एक कापडी कसा ठेवून गेली. त्यात राणीच्या तोंडाचे वीस रुपये होते, चांदीचे. तिला ते तिच्या आईकडून आलेले. मी एकुलती एक, त्यामुळे वाटणीचा प्रश्न आला नाही. कणगीत तांदळाखाली ते पुरून ठेवले आणि दोन वर्षं हात लावला नाही.

तेव्हा मी शहापूरच्या बाजारात सुके मासे विकायची. आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे. आसनगावला गाडी धरून कल्याणला जायचं, सुकट, बोंबील, खारा बांगडा आणायचा आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसायचं. पावसाळ्यात माल येत नाही, म्हणून चार महिन्यांचा उन्हाळ्यातच भरावा लागतो. त्या वर्षी नवरा छातीच्या दुखण्यानं पडून होता, भांडवल औषधात गेलेलं. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि जुनी नाणी आता मातीमोल होणार, असं जो तो सांगत होता. मी आईचा कसा काढला आणि बाजारातल्या एका सराफाकडे गेले.

माणूस गोड बोलायचा. त्यानं नाणी गादीवर पसरली, एकेक उलटून पाहिलं.

“बाय, राणीचा रुपया सरकारनं कधीच बंद केलाय. चालत नाय आता. आणि झिजलेत बघ किती. मी आपला आटवायला घेईन. एकाचे बारा आणे देतो.”

“रुपयाचे बारा आणे?”

“दुसरा कोणी आठ देईल.”

मी एकोणीस दिले. एक ठेवला, आईचा म्हणून.

ते पैसे घेऊन माल भरायला कल्याणला गेले. तिथली घाऊक माल देणारी बाई वयानं मोठी, माझ्यावर जीव असलेली. पैसे मोजताना कनवटीचा रुपया खाली पडला. तिनं उचलला, हातावर तोलला आणि विचारलं, “असे आणखी आहेत का गो?” मी सगळं सांगितलं. तिनं रुपया माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाली, “इथं पावणेदोन मिळतात एकाचे. रुपया म्हणजे वजनाला एक तोळा. वीस रुपयांचा पावशेर होतो. तागडी तुझ्या हातात असते, आणि झिजलाय म्हणून तो सांगतो ते तू ऐकलंस?”

त्याच्या लबाडीपेक्षा हे जास्त लागलं. परत येऊन मी सराफाच्या पायरीवर उभी राहिले आणि माझी नाणी मागितली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

“विकलेस तेव्हा डोळे होते ना?” तो मान वर न करता म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. “आणि पायरीवरून खाली उतर. वास येतोय.”

त्या पावसाळ्यात माझा माल श्रावणातच संपला. दुसऱ्याच्या शेतात तण काढायला, बेणणीला गेले. पायाला चिखल्या झाल्या, रात्री ठणकायच्या. ठणकलं की मला तो आवाज ऐकू यायचा. वास येतोय.

दसऱ्यानंतर बाजार भरला तेव्हा मी माझी जुनी जागा सोडली आणि टोपली थेट त्याच्या पायरीसमोर मांडली. त्यानं नोकर पाठवला. मी जागेची पावती दाखवली. रस्ता बाजाराचा होता, त्याचा नव्हता.

मग मी वाट बघू लागले. वाडीवरची एखादी बाई पदरात काही बांधून त्याच्या दुकानाकडे वळली की मी हाक मारायची, “अगो बाय, जरा इकडं ये. रुपये मोडायला आणलेस? किती?” वीस असले तर तागडीच्या एका पारड्यात तिचे रुपये, दुसऱ्यात माझा पावशेर. कमी असले तर तिचा एकेक रुपया माझ्या आईच्या रुपयासमोर. काटा सरळ उभा राहिला की मी मोठ्यानं म्हणायची, “झिजले नायत हो शेठ. कल्याणचा भाव काय तो द्या तिला.” भाव मी दर खेपेला विचारून यायची. कोणी मला पुण्यवान म्हणे. पुण्य कसलं? त्या बायांना चार पैसे जास्त मिळाले याचं मला फार काही नव्हतं. त्याचे गेले, एवढंच मी बघत होते.

पुढं किलोची मापं आली, शेराची बंद झाली. सराफानं तक्रार केली आणि वजनमापांचा साहेब येऊन माझा पावशेर जप्त करून गेला, वर दंड. तो दारात उभा राहून बघत होता. मला तो दंड स्वस्त वाटला. तोवर बायांना सगळं पाठ झालं होतं.

इथवर सांगताना मला लाज वाटत नाही. पुढचं सांगताना वाटते.

दुकानामागंच त्याचं घर, वाट त्याच पायरीवरून. त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असल्याचं नोकराच्या तोंडून कळलं, नेमके बाजाराच्या दिवशी. मी त्या दिवशी ओलसर जवळा आणि खारे बांगडे आणले, गोणपाट थेट पायरीपर्यंत पसरलं. पाहुण्यांतल्या बायका नाकाला पदर लावून आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. पुढं नकार आला म्हणे. वासामुळे की आणखी कशानं, मला ठाऊक नाही. पाहुणे गेल्यावर ती मुलगी बादली घेऊन आली आणि पायऱ्या धुऊ लागली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले, हेही खरं.

दोन-तीन वर्षांनी सराफानं दुकान उठवलं. लोक म्हणाले, तू त्याला घालवलास. मी नाही म्हटलं नाही.

मग एका पौषात म्हशाच्या जत्रेत मी माल घेऊन बसले होते. एक बाई बोंबील घ्यायला वाकली. तीच ती, सराफाची मुलगी. मुरबाडकडे दिलेली, दुसरेपणावर. बरोबर केस पिकलेला नवरा. तिनं पावकिलो मागितले. मी तोलून दिले आणि वर चार बोंबील जास्तीचे टाकले.

तिनं पिशवी उघडून पाहिली. चार बोंबील वेचून काढले, माझ्या टोपलीत ठेवले, मापाचे पैसे दिले आणि नवऱ्याच्या मागून चालू लागली.