आईनं सांगितलेलं नाव

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होणार की नाही, हे तिला स्वतःचं नाव सांगता येतं की नाही यावर येऊन ठेपलं होतं. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर सज्जन होते आणि त्यांचंही बरोबरच होतं. मोतीबिंदू काढताना पेशंट जागा असतो, सांगितलं तसं पडून राहावं लागतं. सत्तरी ओलांडलेली ही बाई भानावर आहे ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"माताजी, अपना नाम बताइए."

आईनं सांगितलं. स्पष्ट, एका दमात, पदर सावरून. फक्त ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"नहीं डॉक्टर साहब, यह इनका नाम नहीं है," मी म्हणाले आणि रेल्वेच्या पासावरचं नाव सांगितलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तेच आपलं पहिलं नाव सांगितलं, जरा हळू आवाजात. मी डॉक्टरांकडे बघून मान हलवली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि महिनाभरानं घेऊन या म्हणाले.

मी शाळेत गणित शिकवायची. चूक दिसली की माझं लाल पेन आपोआप उघडायचं आणि घरी आल्यावरही ते मिटत नसे. परतताना रिक्षात मी आईवर चिडले. "अगं, स्वतःचं नाव विसरतेस?"

"विसरले कुठे?" ती म्हणाली. "सांगितलं की."

मला वाटलं, संपलं, हिचं डोकं गेलं. रिक्षा खंडेराव गेटापाशी वळेपर्यंत मी रडत होते आणि रिक्षावाल्याला कळू नये म्हणून उगाच नाक शिंकरत होते.

आईचं नाव माझ्यासाठी असं पासापुरतंच उरलं, त्याचं कारण साधं आहे. वडील साताऱ्याकडचे. झाशीला पार्सल ऑफिसात लागले आणि लग्न करून आईला इकडे घेऊन आले. रेल्वे कॉलनीत ती सगळ्यांची मराठिन भाभी झाली, केस पिकल्यावर अम्माजी. नावानं हाक मारणारे एकटे वडील, आणि ते गेल्यावर तेही थांबलं. मी एकुलती एक, मी आई म्हणायची. आईला नाव असतं हे मला फॉर्म भरतानाच आठवायचं.

आता महिना हाताशी होता. मी ठरवलं, पाढे पाठ करून घेते तसं हे करून घ्यायचं. सकाळचा चहा देताना विचारायचं, तुझं नाव काय? जेवायला बसली की विचारायचं, नाव सांग, मग पोळी वाढते. हे लिहिताना माझाच मला राग येतो, पण तेव्हा मी फार शहाणपणाचं काम करते आहे अशा थाटात होते. पहिले काही दिवस ती आपलंच नाव सांगायची. मी म्हणायची, चूक. मग ती गप्प राहू लागली. ताटाकडे बघायची, माझ्याकडे बघायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं पासावरचं नाव उच्चारलं आणि मी शाब्बास म्हणून तिच्या पोळीवर जास्तीचं तूप वाढलं.

मग मला हाव सुटली. पूर्ण नाव आलं पाहिजे, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तिनं उभ्या आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "त्यांचं कसं घेऊ गं?" ती ओशाळून म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरांपुढे घ्यावंच लागेल. डॉक्टरांनी असं काही मागितलेलं नव्हतं. शेवटी तिनं तेही घेतलं, भिंतीकडे तोंड करून.

दवाखान्यात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनं तिन्ही नावं घडाघडा सांगितली. डॉक्टर खूश झाले. "माताजी तो एकदम ठीक हैं," म्हणाले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, तिला खिडकीतली तुळस दिसू लागली. शाळेत मी सगळ्यांना मिठाई दिली.

मामाला पत्र लिहिलं ते या आनंदातच. साताऱ्याकडे तिचा हा एवढाच भाऊ उरला होता, तिच्याहून लहान, तिला ताई म्हणणारा. ऑपरेशन चांगलं झालं हे कळवलं आणि गंमत म्हणून शेवटी लिहिलं, की मध्यंतरी आई स्वतःचं नाव भलतंच काहीतरी सांगत होती. काय सांगत होती, तेही लिहिलं.

मामाचं अंतर्देशीय पत्र पंधरा दिवसांनी आलं. तब्येतीची चौकशी, शेताचं चार ओळींत, आणि मग असं: "अगं, ते तिचंच नाव. बारशाला आमच्या आत्यानं तिच्या कानात तेच सांगितलं होतं. लग्नात तुझ्या वडिलांनी दुसरं ठेवलं. तिच्या सासूनं बजावलं होतं की आता जुनं नाव कुणी घ्यायचं नाही, म्हणून मी आपला ताई म्हणत राहिलो. आमच्या मागे ते कुणाला ठाऊकही राहणार नाही."

लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. झाशीतल्या जुन्या मराठी घरांतल्या लग्नांत, ताटातल्या तांदळांवर नवरदेव अंगठीनं नवं नाव लिहितो ते मी पुढे बसून पाहिलं होतं, वर पेढे खाल्ले होते. एकदा शेजारीण माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, "काए जिज्जी, नाम सोई बदल दओ?" मी हसून सांगितलं होतं, हो, नावसुद्धा बदलतात, आमच्यात असंच असतं. माझं लग्न झालं नाही, माझ्या नावाला कुणी हात लावला नाही. आणि आईच्या बाबतीतही हेच झालं असेल, हे या गणिताच्या बाईच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आई आत बसून मटार सोलत होती. मला तिची माफी मागायची होती, पण कशाबद्दल मागते आहे हे तिला समजेल की नाही तेही कळेना. नुसतं त्या नावानं हाक मारावी, एवढंच सुचलं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि तिला हाक मारली. आपल्या आईला नावानं हाक मारताना जीभ अडखळते, तरी मारली.

तिचे हात थांबले. चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, मी ते पाहिलं, खोटं सांगत नाही. मी पुन्हा हाक मारली.

तिनं मटार बाजूला ठेवले, पदर सारखा केला आणि मान हलवली. "चूक," ती म्हणाली. मग पासावरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं न अडखळता सांगितलं आणि शाब्बास ऐकायला माझ्या तोंडाकडे बघत राहिली.