अंगणात शिकवलेला डोंगर

ये, जवळ ये बाई. म्हणजे कागदाच्या जवळ ये, चष्मा लाव. मी रागावणार आहे, पण हळू रागावते. तुझं पत्र मिळालं. ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन तू माझ्या माहेरच्या डोंगरावर गेलीस, आदल्या दिवशी दुकानातून आणलेले बूट घालून गेलीस, आणि उतरताना दोघींच्या गळ्यात हात टाकून उतरलीस. वर मलाच विचारतेस, "आजी, एक दिवस डोंगर चढायला कसली गं तयारी लागते?" हे कोणाला विचारलंस? जिनं नवव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत दुसरं काही केलंच नाही, तिला. असो. कोमट पाण्यात मीठ टाक, पाय बुडव, आणि ऐक.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, सरकार नागपुरात बसायचं, आणि जंगलात पाऊल टाकायचं तर नाक्यावरून चिठ्ठी आणावी लागायची. आमचं गाव सातपुड्याच्या पायाशी, बाजार संग्रामपूरचा. बाबांचं लहानपण गुरांमागं डोंगरात गेलं होतं, त्यामुळं सगळ्या वाटा त्यांना पाठ. थंडीत बुलढाण्याचे मास्तर, कचेरीतले कारकून, शेगावचे कापसाचे व्यापारी हवा खायला यायचे. गाडीत हाडं खिळखिळी करून दुपारी आमच्याकडं पोचायचे, मुक्काम करायचे, आणि पहाटे बाबा त्यांना घेऊन वर जायचे. वर जुन्या किल्ल्याची पडकी भिंत आणि एक तलाव. दिवस मावळायच्या आत सगळे खाली. चिठ्ठीत बाबांशिवाय दहा माणसं लिहिलेली असायची. दहा म्हणजे दहा. बाबा अकराव्याला नाही म्हणायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. तो आपोआप परत जायचा.

तयारीचं काम मायकडं आणि माझ्याकडं होतं. पाय आणि पोट मायकडं, वाट माझ्याकडं.

माय पाहुण्याचा बूट हातात घ्यायची आणि भाकरीसारखा दुमडून पाहायची. दुमडला तर ठीक. नाही दुमडला तर म्हणायची, "ह्याले घरी राहू द्या, थकला असन." मग गोठ्यात टांगलेल्या बाबांच्या जुन्या चपलांतली एक जोडी मिळायची. प्रत्येकाला दोन ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, कांदा. लाडू आणले असतील तर ते घरात ठेवून घ्यायची; वर गोड खाल्लं की माणूस पाणी संपवतो. पाण्याचा तुंबा ज्याचा त्यानं वाहायचा. आणि अत्तर बंद. वर कड्याला आग्या मोहोळ असतं, त्याला वास आणि आरडाओरडा दोन्ही खपत नाही. एका वकीलसाहेबांना मायनं राखेनं तीनदा मान धुवायला लावली होती. ते कोर्टात काय बोलत असतील ते असो, इथं म्हणाले, "अजून एकदा धुऊ का?"

माझं काम त्यानंतर. आमचं अंगण म्हणजे डोंगर. विहीर म्हणजे पायथ्याचा नाला. गोठ्याची लांब भिंत म्हणजे पहिला चढ. गोठा संपला की वाट फुटते, आणि उजव्या हाताला कडब्याची गंजी, म्हणजे मोठा काळा गोटा. त्या गोट्याजवळ सगळ्यांनी पाणी प्यायचं. गंजीमागं तुळशीवृंदावन, तो माथा. मी सगळ्यांना रांगेत चालवायची, दोनदा पायताणासकट आणि एकदा डोळे मिटून. कारण वाटेत कोणी मागं राहिला तर हाक मारायची सोय नव्हती, मोहोळ उठतं. मागं राहिलेल्यानं अंगणात चालला तसंच चालायचं. चुकलो असं वाटलं तर आहे तिथं बसायचं, भाकर खायची आणि वाट पाहायची. बुलढाण्याचे हेडमास्तर गंभीर चेहऱ्यानं आमच्या विहिरीला वळसा घालताना मी पाहिले आहेत. कोणी हसला की मी म्हणायची, "हसू नका जी, इथं निसरडं हाय."

आता एक सांगते. मी स्वतः डोंगरावर कधी गेली नव्हती.

कोणी विचारलंच नाही. पोरीनं कशाला जायचं, हा प्रश्न एवढा साधा होता की तो कोणाच्या तोंडून निघालासुद्धा नाही. बाबांनी मला वाट अंगणात काठीनं आखून दिली, मी ती पाठ केली, आणि सहा वर्षं लोकांना शिकवली. तलावाचं वर्णन मी इतकं छान करायची की काही लोक ते ऐकूनच अर्धे समाधानी व्हायचे.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. वैशाखात व्हायचं होतं. सासर पूर्णेकाठी, काळ्या मातीत, तिथं पाटी पालथी घातली तरी तिला टेकडी म्हणतील. मी बाबांना म्हटलं, "मले एक डाव वर नेऊन आणा. मंग मी काही मागत नाई."

बाबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी बैलाला पाणी पाजता पाजता म्हणाले, "शेवटच्या टोळीत नऊच लोकं हायेत. दहावी तू."

मी माझी चप्पल तेलात भिजवून ठेवली.

शेवटची टोळी आली. शेगावचा एक मुसलमान व्यापारी, त्याचे सोबती, एक-दोन मास्तर, असे नऊ. आणि गाडीतून दहावी उतरली ती व्यापाऱ्याची म्हातारी आई. व्यापारी खालमानेनं म्हणाला, "अम्मा रडू लागल्या, मंग आणलं."

"झूट," अम्मा म्हणाल्या. "रोई कोण? म्या त्याले झापलं."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी विहिरीकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "दहा झाले." झालं.

मला म्हातारीचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण तयारी चोख केली. सगळ्या सहा वर्षांत तिच्यासारखा विद्यार्थी मला मिळाला नाही. व्यापारी, मास्तर सगळे हसत, गप्पा मारत चालत होते. ती ओठ हलवत पावलं मोजत होती. कानामागचा अत्तराचा फाया तिनं स्वतः काढून दिला. डोळे मिटून एकदा चालायचं तर ती दोनदा चालली.

"गोठा संपला का कोन्या हाताले, बेटी?"

मी पाहिलं. "डाव्या हाताले, अम्मा."

"डाव्या हाताले," ती म्हणाली. "आणि गोटा नाई दिसला त?"

"त बसून राहाचं. भाकर खायाची."

"ये अच्छा है," ती म्हणाली.

पहाटे सगळे गेले. मी अंगण झाडलं. चप्पल तेलातून काढली नाही. मायनं मला दोन वेळा चहा प्यायला दिला. आमच्याकडं चहा पाहुण्यांसाठी असायचा.

दिवस कासराभर वर आला असेल, तोच बाबा एकटे परत आले. चेहरा सुकलेला.

"अम्मा आल्या का इकडं?"

"नाई."

काळ्या गोट्याजवळ पाणी प्यायला बसले तेव्हा मोजले, तर नऊ. म्हातारी मागं राहिली होती. बाकीच्यांना तिथंच बसवून बाबा वाट फुटते तिथवर खाली आले, तिथं नाही. हाक मारायची सोय नाही. घरी उतरली असेल म्हणून घरी आले.

"तू त्याईले काय सांगतलं होतं?" बाबांनी विचारलं. "जसं सांगतलं तसं चालून दाखव."

मी विहिरीपासून निघाली. गोठ्याच्या भिंतीनं चालली. गोठा संपला. डाव्या हाताला वळली, आणि गंजीजवळ उभी राहिली.

बाबा उजवीकडं पाहत होते. तिथं मोकळी जमीन होती.

दारातून माय म्हणाली, "गंजी त परवा हलवली न तुम्ही. म्हैस कडबा वढत होती म्हणून."

म्हैस रवंथ करत होती. ज्यानं डोंगर पाहिला आहे त्याच्यापुढं गंजी कुठंही ठेवा, तो उजवीकडंच वळेल. मी डोंगर पाहिलाच नव्हता. माझा डोंगर गंजी जाईल तिकडं जात होता.

मी पळाली. बाबा माझ्या मागं. नाला आला, तो विहिरीपेक्षा बराच मोठा होता. चढ आला, त्याला गोठ्याइतक्यात संपायची सवय नव्हती. वाट फुटली तिथं मी डाव्या हाताला वळली आणि अंगणातली पावलं मोजत गेली. एक खोलगट जागा आली, मधे जांभळीचं झाड, त्याखाली सपाट दगड. दगडावर अम्मा बसल्या होत्या. समोर पदरावर भाकर, कांदा फोडलेला. अर्धी भाकर संपली होती.

"आली का?" त्या म्हणाल्या. "म्या सगळं तुह्यासारखं केलं, बेटी. गोटा नाई दिसला. मंग बसली. पुकारलं नाई. चटनी लय अच्छी हाय."

बाबा खालीच बसले. मग उठले, दिवस पाहिला. अजून वेळ होता. मला म्हणाले, "एवढी वर आलीच हायस."

मी वरच्या वाटेकडं वळलीसुद्धा. आणि मग त्यांनी मायच्या आवाजात विचारलं, "पायात काय हाय?"

"काई नाई."

"पाणी?"

"नाई."

"भाकर?"

"नाई आणली."

मी इतक्या लोकांना यापेक्षा कमी गोष्टींसाठी अंगणातच बसवून ठेवलं होतं. एका मास्तरांना तुंब्याचं बूच सैल होतं म्हणून. मी म्हटलं, "मंग मले नाई जाता येत."

"नाई येत," बाबा म्हणाले. "आणि दहा भरले हायेत."

मी खाली वळली, तर चढावरून माय येत होती. धापा टाकत, पदर खोचलेला, एका हातात माझी चप्पल, दुसऱ्या हातात तुंबा, कमरेला भाकरीचं फडकं. तीही कधी इथवर आली नव्हती. तिनं चप्पल माझ्यापुढं ठेवली आणि पदरानं तिचं तेल पुसलं.

"दहा भरले हायेत," बाबा परत म्हणाले, पण या वेळी कोणीतरी तोडगा सांगावा म्हणून.

अम्मांनी कांद्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "मेरे घुटने इतक्यालेच आले होते. झाड पाह्यलं, हवा खाल्ली, जेवली. वर अजून काय होते? मी उतरते या बाईसंग. मंग किती राह्यले?"

बाबांनी खरंच बोटांवर मोजलं. "नऊ."

"मंग?"

"पर माय," मी म्हटलं, "तू पण चाल न. चिठ्ठीवाला काई वर बसला नाई."

माय डोंगराकडं बघत उभी राहिली. फार वेळ नाही, भाकर उलटवायला लागतो तितका. मग म्हणाली, "मले गंजी सरकवाची हाय." आणि अम्मांचा हात धरून खाली वळली. वळणावर दोघी भाकरीबद्दल बोलत होत्या. अम्मांचं म्हणणं, पीठ अजून बारीक दळायला हवं होतं. मायचं म्हणणं, वर न्यायच्या भाकरीला बारीक पीठ चालत नाही.

मी वर गेली. तर काय होतं म्हणशील. एक पडकी भिंत, तिच्यावर निवडुंग. तलाव होता, पण मी सांगायची त्याच्या अर्धा. वारा लय. मास्तरांनी मला विचारलं, "ती राणीच्या न्हाणीची पायरी कुठली, जी तू काल सांगितलीस?" मी इकडं तिकडं पाहिलं. तशी पायरी नव्हती. ती मी तिसऱ्या वर्षी कधीतरी घातली असावी. मी म्हटलं, "पाण्याखाली गेली असन जी." मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. मी तिथं भिंतीवर बसून माझी भाकर खाल्ली. खाली शेतं दिसत होती, पार पूर्णेच्या बाजूपर्यंत. त्यातलं माझं सासर कुठलं ते मला ओळखता आलं नाही, आणि मी कोणाला विचारलंही नाही.

उतरल्यावर मला कोणाला तलावाचं वर्णन नीट करताच येईना. पुढच्या थंडीपासून माझ्या धाकट्या बहिणीनं ते काम घेतलं. तिनं काहीच पाहिलं नव्हतं, त्यामुळं ती फार छान सांगायची. मी तिला एवढंच म्हटलं, की मायला एकदा घेऊन जा. तिनं नेलं का, ते मला माहीत नाही. माय पत्र लिहीत नव्हती आणि मी विचारायचं राहून गेलं. हे मात्र मला खुपतं, म्हणून तुला लिहिलं.

तुझ्या पायाचे फोड बसले की इकडं ये. रविवार मोकळा निघाला तर रविवारी ये, नाही तर सुट्टी टाक. वांगी लागली आहेत, दूध घरचं आहे, आणि सांगायला माझ्याकडं बरंच आहे, पण हात दुखतो, लिहिणं होत नाही. लवकर ये.