मुरियलमावशीची शिट्टी

मुरियल क्रॅबट्रीच्या हातचं जेवून आमच्या गावातल्या दोन पिढ्या वाढल्या. शाळेच्या जेवणघरात ती वाढायला असायची. ताटात कोबी उरला की तोंडानं काही बोलायची नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहायची, की पोरगं कोबी गिळायचं. म्हणून आज पन्नाशी उलटलेले बापयेसुद्धा तिला मावशी म्हणतात आणि ती दिसली की तोंडातली सिगारेट पाठीमागं लपवतात.

पण मावशीचा जीव बँडात. यॉर्कशरच्या या डोंगरातल्या गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पाडल्या, पितळी बँड तेवढे उरले. ती फ्लुगलहॉर्न, म्हणजे मऊ आवाजाचं एक पितळी शिंग, वाजवायची. तिनं हळू वाजवलं की मागच्या रांगेतले ढोलवालेसुद्धा खोकला दाबून धरायचे. मग तिचा समोरचा दात हलायला लागला. सरकारी दंतवैद्याकडं वेळ मागितली तर नव्या माणसाला घेत नाही म्हणाले. दुसऱ्या गावी विचारलं, तिथंही तेच. खासगीवाल्याचा आकडा ऐकून तिनं फोनच ठेवला. दात काही तिच्यासाठी थांबला नाही. तो गेला, पाठोपाठ शेजारचा गेला, आणि ओठांची पकडच सुटली. एका रविवारी तिनं फ्लुगलहॉर्न पुसून पेटीत ठेवला, पेटी बँडाच्या खोलीत आणून दिली आणि विचारलं, "आता मी काय करू ते सांगा."

तेव्हापासून ती कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, बसते. व्हिट फ्रायडेला, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या त्या सणाच्या शुक्रवारी, सगळे बँड गावोगाव कूच, म्हणजे चालत वाजवायची मार्चची धून, वाजवत फिरतात. प्रत्येक गावाचा परीक्षक कॅरव्हॅनमध्ये कोंडलेला असतो, खिडक्यांना जाड पडदे लावून. कोण वाजवतंय ते त्याला दिसता कामा नये. ऐकायचं आणि निकाल द्यायचा. परीक्षक तयार झाला की आतून शिट्टी वाजते, मग बँड सुरू होतो. शिट्टी मावशी वाजवते. परीक्षकाला चहा तीच देते, आणि त्याचा हात पडद्याकडं गेला तर हातावर फटकाही तीच देते.

या वर्षी व्हिट फ्रायडे दोन आठवड्यांवर आला आणि आमच्या बँडाचे दोन तुकडे झाले.

बॅरक्लफांचे सेल्विन आणि डेरिक सख्खे भाऊ. थोरला सेल्विन युफोनियम वाजवतो, पोटाशी धरायचं खालच्या आवाजाचं वाद्य, आणि धाकटा डेरिक लांब दांड्याचा ट्रॉम्बोन. सेल्विन जन्माचा लाल पक्षाचा, डेरिक निळ्याचा. एरवी चिडवाचिडवीवर भागायचं. पण निवडणूक लागली, सेल्विननं म्हाताऱ्या आईच्या खिडकीत लाल फलक लावला, डेरिकनं तो काढून निळा लावला, आणि आईनं दोन्ही फाडून शेगडीत घातले. त्याच आठवड्यात तालमीला दोघांचं इतकं जुंपलं की डेरिकनं ट्रॉम्बोन खुर्चीवर टाकला, त्याचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा तुकडा, उपसून खिशात घातला नि दार आपटून गेला. ट्रॉम्बोन बँडाचा, माउथपीस त्याचा स्वतःचा. सेल्विन त्या दिवसापासून भावाचं नाव घेईना. 'तो माणूस' म्हणायचा. इथं घरच्या माणसाला नुसत्या नावानं कुणी बोलावत नाही. आमचा डेरिक, आमची जीन, असंच म्हणतात. त्यामुळं 'तो माणूस' सगळ्यांच्या कानाला टोचायचं.

ट्रॉम्बोनशिवाय कूच म्हणजे तळ नसलेली बादली. उसना वाजवणारा आणावा तर त्या संध्याकाळी डोंगरातला प्रत्येक ट्रॉम्बोनवाला आपापल्या गावात गुंतलेला. पहिल्यांदाच आमचं नाव स्पर्धेतून काढावं लागणार होतं.

"पुढाऱ्यांची चर्चा कधी आहे टीव्हीवर?" मावशीनं मला विचारलं. मी हेझल, गावाची बस चालवते आणि बँडात कॉर्नेट वाजवते.

"मंगळवारी. पण मावशी, ती या दोघांना एकत्र दाखवलीस तर टीव्ही फुटेल."

"दाखवायची नाही. स्पर्धा लावायची. दोघांना सांग, मोठा पोर्क पाय बक्षीस, डुकराचं मटण ठासून भरलेला. आणि परीक्षक मी."

स्पर्धा म्हटल्यावर बँडवाला मरणाच्या दारातून उठून येतो. हे दोघं तर धडधाकट होते.

मंगळवारी संध्याकाळ झाली तरी डोंगरावर अजून लख्ख उजेड होता. कॅरव्हॅन धुऊन-पुसून बँडाच्या खोलीमागं उभी केली होती. मावशी पडदे ओढून आत बसली. टीव्ही खोलीत, आणि गंमत बघायला सगळा बँडही तिथंच. नियम तिनं आधीच सांगितले होते. तीन पुढारी, तीन वाजवणारे. टीव्हीवर एकच प्रश्न ऐकायचा, एकेका पुढाऱ्याचं उत्तर झालं की टीव्ही थांबवायचा, ते उत्तर आपल्या शब्दांत कॅरव्हॅनबाहेर उभं राहून सांगायचं. पुढाऱ्याचं नाव नाही, पक्षाचं नाव नाही. कुणी कुणाचं बोलायचं ते चिठ्ठ्या ठरवणार. चिठ्ठ्या किटलीवरच्या लोकरी टोपडीत टाकल्या होत्या.

सेल्विनला निळ्या पक्षाची बाई आली. डेरिकला लाल टायवाला. तिसऱ्या पक्षाचा पिवळा माझ्या वाट्याला.

"मी त्या बाईचं बोलू? जीभ झडेल माझी!" सेल्विन उसळला.

"हेझल, त्यांना सांग, झडू दे," डेरिक भिंतीकडं बघत म्हणाला. "गावाला तेवढीच शांतता."

"हेझल, त्या माणसाला सांग, घाबरला असेल तर घरी जावं."

टीव्हीवर प्रेक्षकांतून समुद्राकाठच्या कुठल्या गावाची एक पोरगेली बाई उठली. गाल सुजलेला. म्हणाली, "माझा दात दुखतोय, सरकारी दंतवैद्य मिळत नाही. तुम्ही निवडून आलात तर मला वेळ कधी मिळेल?"

खोलीतल्या सगळ्यांनी एकदा खिडकीतनं कॅरव्हॅनकडं बघून घेतलं.

निळ्या बाईचं उत्तर संपलं. मी बाहेर जाऊन प्रश्न सांगितला. मग शिट्टी वाजली. सेल्विन पुढं झाला आणि नाकातून किणकिणत्या आवाजात सुरू झाला, "माझ्या लाडक्या गरिबांनो—"

शिट्टी. "थांब. सेल्विन, लेकरा, तुला सोंग काढायला उभं केलंय का? वाजवायला दिलंय ते वाजव. नाहीतर जा, पोर्क पाय मिळणार नाही."

सेल्विन लाल होऊन आत आला. "परत लाव," म्हणाला.

"काय?"

"त्या बाईचं परत लाव! नीट ऐकलं नाही मी."

बाई दिसली की चॅनल बदलणारा हा माणूस टीव्हीपुढं उकिडवा बसून ऐकू लागला. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. ओठ हलत होते, नवा तुकडा पाठ करताना हलतात तसे. मग बाहेर जाऊन ताठ उभा राहिला.

"दंतवैद्य खासगीकडं पळतात, कारण सरकारी कामात त्यांचं भागत नाही," तो म्हणाला. आवाज खालचा, युफोनियमसारखाच. "ते बदललं की ते परत येतील. त्याला वेळ लागेल, खोटं नाही सांगत. पण तुमच्या दाताला पुढची थंडी पडायच्या आत खुर्ची मिळेल, हा शब्द."

डेरिक दारात उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मग त्याची पाळी. लाल टायवाल्याचं उत्तर त्यानं तीनदा लावून घेतलं. शिट्टी झाली. "नवे दंतवैद्य तयार करायला हवेत," तो म्हणाला, "पण तोवर तुम्ही काय दात धरून बसायचं? दातांची खुर्ची बसवलेली गाडी गावोगाव फिरेल. पुस्तकांची गाडी यायची ना चर्चच्या कोपऱ्यावर, तशी. म्हाताऱ्या माणसानं डोंगर उतरायला नको."

"गाडी?" सेल्विन ओरडला. मधे मी नाही, भिंत नाही, थेट भावाकडं. "गाडी कुठनं आणलीस? तो गाडीबिडी काही बोलला नाही!"

"तुझी थंडी कुठनं आली? तीपण नव्हती बोलली!"

"वाक्य अर्धवट लोंबत होतं. मला राहवेना."

"मलापण," डेरिक पुटपुटला.

उरले मी. माझा पिवळा बोलला होता तेवढंच मी सांगितलं. प्रश्न फार महत्त्वाचा आहे, मी देशभर फिरलो, अनेकांना भेटलो, यावर गांभीर्यानं विचार व्हायला हवा. सांगून झालं तेव्हा माझं मलाच कसंतरी झालं.

मावशी कॅरव्हॅनच्या पायरीवर आली.

"दोन स्पर्धक बाद. लिहिलेले सोडून पदरचे सूर वाजवले."

"तुला काय ठाऊक? तू टीव्ही ऐकला नाहीस!" सेल्विन म्हणाला.

"'कधी' असं विचारल्यावर 'थंडीच्या आत' म्हणणारा पुढारी या वयापर्यंत माझ्या कानावर आलेला नाही. आणि पुस्तकांच्या गाडीमागं पळत कोण सुटायचं, ते जेवणघराच्या खिडकीतनं दिसायचं मला." तिनं डेरिककडं नुसतं बघितलं. "पहिला नंबर हेझल. तिच्या उत्तरात काहीच नव्हतं, पण ते 'काहीच नाही' तिनं जसंच्या तसं, स्वच्छ वाजवलं."

मग जो गलका उठला!

"अन्याय आहे हा!"

"कान तपासून घे, मावशी!"

"रिकामी किटली पहिली? चहा ओतला तो बाद?"

"कोबी वाढणारीला परीक्षक केलं की हेच होणार!"

"बघा तरी," सेल्विन बँडातल्या सगळ्यांना हात करकरून सांगत होता, "आमच्या डेरिकनं गाडी आणली, गाडी! डोक्यातनं काढली! आणि ही म्हणते बाद!"

'आमच्या डेरिकनं' म्हटलं आणि अंगणातल्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. सेल्विनच्या स्वतःच्या ते ध्यानातही नव्हतं. डेरिक बुटाच्या टोकानं खडी उकरत राहिला. त्याचा हात खिशात होता, आणि खिशात काय आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी चहा घेऊन कॅरव्हॅनमध्ये गेले. मावशी अंधारात पाय पसरून बसली होती.

"भांडतायत अजून?"

"तुझ्याशी."

"मग बरं आहे." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "इतकी वर्षं पडद्यामागं बसून ऐकलंय मी. येताना बँड आपसात कचाकचा भांडत येतात. निकाल मनासारखा लागला नाही की जाताना परीक्षकाला शिव्या देत जातात, अगदी एका सुरात. आज वाटलं, शिव्या आपणच खाव्यात."

"म्हणजे निकाल तू आधीच ठरवला होतास?"

"निकाल खराच होता," ती फटकन म्हणाली. "त्या पोरीनं 'कधी' विचारलं. टीव्हीवरच्या एकानं तरी सांगितलं का? पण दोघांची उत्तरं जोडून बघ. थंडीच्या आत, गाडीनं. मला तर चाललं असतं." नकळत तिची जीभ समोरच्या दातांच्या रिकाम्या जागेवरून फिरली.

पोर्क पायचे मी तीन तुकडे केले. दोघांनी निषेध म्हणून खाल्ले.

पुढच्या तालमीला ट्रॉम्बोनमध्ये माउथपीस होता. मताचं म्हणाल तर सेल्विन लालच आणि डेरिक निळाच. पण शनिवारी लाल आणि निळे दोन्ही उमेदवार प्रचाराला गल्लीत आले, तेव्हा आईच्या दारात हे दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते आणि दोघांनाही एकच विचारत होते, "दंतवैद्य कधी?" निळ्या उमेदवारानं घाम पुसून सांगितलं, विचारून कळवतो. लाल उमेदवार सोमवारी परत येतो म्हणाला, आणि खरंच आला. तारीख नाही आणली, पण आला. डेरिकनं त्याला आत बोलावून चहा दिला.

व्हिट फ्रायडेला आम्ही रस्त्यात रांग धरून उभे राहिलो. पडदे बंद. आतून शिट्टी झाली आणि कूच सुरू झालं. ट्रॉम्बोन गरजला, युफोनियमनं त्याला पोटाशी धरलं, आणि बादलीला तळ लागला. आमचा नंबर चौथा आला. परीक्षकाला आम्ही घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या.

सगळं पांगल्यावर मावशी शिट्टी गळ्यात तशीच ठेवून खाली उतरली. डेरिक पुढं झाला. "मावशी, कसं झालं आमचं?"

"मला काय ठाऊक कुठला बँड कुठला? मी आत होते."

"तरीपण."

"एका बँडाचा ट्रॉम्बोन जरा पुढं धावत होता," ती म्हणाली. "युफोनियमवाला होता म्हणून जाग्यावर राहिला."

सेल्विनची छाती फुगली. डेरिकनं ट्रॉम्बोन खांद्यावर टाकला नि चालू लागला.

"आमचा सेल्विन लहानपणापासनं सावकाशच," तो म्हणाला. "त्याच्यासाठी थांबावं लागतं."