जावेला सांगायचं राहिलं होतं

पाद्रीसाहेब अमरावतीत राहायला आले त्या वर्षी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. दूर अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून सगळे व्यापारी वऱ्हाडात उतरले होते. माझा नवरा गाडीवान. कापसाच्या गठाणी घेऊन तो खामगावपर्यंत जाई आणि पंधरा पंधरा दिवस घरी नसे. मी सुईण. हे काम मला आईकडून आलं. अर्ध्या पेठेतली लेकरं माझ्या हातांवर जन्मली. माझं स्वतःचं एकही नाही.

पाद्रीसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बाजारात. उन्हात लाल झालेला तो माणूस पुस्तकी मराठीत सांगत होता, की माणसाने पुन्हा जन्मलं पाहिजे, नाहीतर त्याला देवाचं राज्य दिसायचं नाही. तेव्हा कापसाच्या गाडीवर बसलेला एक म्हातारा ओरडला, "अरे बापा, आमी तं या जन्माच्या फेऱ्यातून सुटाले पाहून राहिलो, अन् तू आमाले पुन्हा जन्माले घालतं?"

सगळा बाजार हसला. मीही हसले. साहेब गोंधळले, पुस्तक मिटून उभे राहिले. मला वाटलं, या माणसाने कधी जन्म पाहिलेला दिसत नाही.

महिन्याभराने त्यांचा गडी मला बोलवायला धावत आला. मडमबाईंना सकाळपासून कळा येत होत्या आणि गोरा डॉक्टर छावणीतून बाहेरगावी गेला होता. मी गेले. पहिलंच बाळंतपण, बाई नाजूक, त्यात उन्हाळा. दुपार कलली तेव्हा मुलगी झाली. पण ती निळी पडली होती. रडेना. मी तिच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला, पाठ चोळली, मागून पडलेली वार नाळेसकट निखाऱ्यावर शेकली, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती एकदा आचका देऊन रडली, आणि तिच्याबरोबर मीही हमसून हमसून रडायला लागले.

मडमबाई घामाने भिजलेल्या, अंगात उठायचं त्राण नाही. त्यांनी माझा हात धरला. "बाई, तुम्ही का रडता? मुलगी तर जिवंत आहे."

"म्हणूनच रडून राहिली," मी म्हटलं. आणि पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

सासरी आम्ही सगळे एकत्र राहत होतो तेव्हाची गोष्ट. माझी थोरली जाऊ जिभेची तिखट. एकदा चार बायांत ती म्हणाली, "दुसऱ्यायची लेकरं काढते, पण हिच्या पोटी एक नाही." ते माझ्या मनात राहिलं. पुढे तिचे दिवस भरले. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा मी अंगण सारवत होते. सासूने हाक मारली. मी म्हटलं, "आली." पण उठले नाही. घाबरू दे तिला जराशी, असं मनात आलं. सारवलेलं अंगण मी पुन्हा सारवलं. आत गेले तेव्हा नाळेचा वेढा बाळाच्या गळ्याला बसला होता. मुलगा होता. गेला. मला तो वेढा सोडवता आला असता. असे कितीतरी वेढे मी सोडवले होते.

जाऊ मरता मरता वाचली. पुढे ती मला म्हणाली, "तू होती म्हणून मी जित्ती आहे." त्या दिवाळीला तिने मला लुगडं घेतलं. ते लुगडं मी कधी नेसले नाही. या पापाचं फळ पुढच्या जन्मी भोगावं लागेल, एवढंच मला ठाऊक होतं. आणि वांझपण हा त्याचाच आगाऊ हिस्सा असेल, असंही वाटे.

चार दिवसांनी मी मुलीला न्हाऊ घालायला बंगल्यावर गेले. मडमबाईंनी माझ्या परवानगीने साहेबांना सगळं सांगितलं होतं. ते ओट्यावर माझ्यासमोर खालीच बसले.

मी विचारलं, "तुमच्या त्या नव्या जन्मात हे पाप धुऊन निघते का? अन् त्याच्यासाठी मले काय करा लागंन? उपास सांगा, तीर्थ सांगा."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मूल जन्माला येतं तेव्हा ते स्वतः काय करतं?"

"ते काय करणार? काहीच नाही. कळा माय सोसते."

"मग तसंच आहे," साहेब हळू म्हणाले. "या जन्माच्या कळा ख्रिस्ताने सोसल्या आहेत. तुमच्या पापाची शिक्षा त्याने स्वतःवर घेतली. तुम्ही फक्त या."

मी मुलीला तेल चोळत राहिले. बाजारात हसले होते तेच बोलणं, पण आता हसू येईना. मग मी म्हटलं, "देवानं सोडलं तरी जावेनं कुठं सोडलं? तिले तं माहीतच नाही."

मडमबाई आतून म्हणाल्या, "तिला सांगायला मी तुमच्याबरोबर आले असते. पण हे तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल."

थोरले दीर तोवर अकोल्याला कापसाच्या वखारीवर लागले होते. पुढच्या खेपेला मी नवऱ्याच्या गाडीवर गठाणींच्या मध्ये बसून निघाले. मूर्तिजापूरला मुक्काम पडला तेव्हा परत फिरावंसं वाटलं. नवऱ्याला मी वाटेतच सगळं सांगितलं. तो बैलांकडे पाहत म्हणाला, "सांगू नको. तिचं जुनं दुखणं काहून उकरतं?" मग कोसभर गेल्यावर तोच म्हणाला, "आता निघालीच आहेस तं सांग."

जावेने मला पाहताच मिठी मारली. भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली. ताट पुढे आलं तेव्हा मी म्हटलं, "बाई, आधी आयका. मंग वाढा वाटलं तं."

मी सांगत होते आणि पुढच्या भाकरीसाठी परातीत गेलेला तिचा हात पिठात तसाच थांबला होता. माझं बोलणं संपल्यावर तिने एकच विचारलं, "किती येळ?"

"दोनदा अंगण सारवलं."

तिने हात धुऊन ताट वाढलं. मग म्हणाली, "जेव. अन् सकाळी निघून जा."

मी जेवले. ताटातलं सगळं संपवलं, कारण तिने वाढलं होतं. सकाळी ती बाहेर आली नाही.

अमरावतीला परतल्यावर मी बाप्तिस्मा घेतला. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा उजेड दिसला नाही की आवाज आला नाही. फक्त त्या रात्री गाढ झोप लागली. जातीच्या लोकांनी पाणी तोडलं. नवरा माझ्या हातचं खात राहिला म्हणून त्यालाही पंगतीबाहेर बसवलं. काही घरांनी मला बाळंतपणाला बोलावणं सोडलं. अडलेली बाई असली की मात्र मागच्या दाराने निरोप येई, आणि मी जाई. मडमबाईंनी मला अक्षरं शिकवली, तीही याच काळात.

दोन वर्षं गेली. आगगाडी सुरू झाली होती. एके दिवशी दुपारी जाऊ एकटीच दारात उभी. हातात गाठोडं.

"पाणी देतं का?"

"बाई, माझ्या हातचं चालंन तुमाले?"

"तहान लागली आहे मले," ती म्हणाली आणि तांब्या घेतला. पाणी पिऊन झाल्यावर बसली. "आयक. मी तुले माफ केलं असं म्हणाले आली नाही. अजून राग येते. लेकराची आठवण आली की तुया गळा दाबावा वाटते. पण तू नसतं सांगतलं तं मले मरेपर्यंत समजलं नसतं, अन् तू सांगतलं. तुले कोणी धरलं नव्हतं. कोणी असं आपणहून सांगते काहून, तेच समजून घ्याले आली."

मी जमेल तसं सांगितलं. ती आठ दिवस राहिली. रविवारी प्रार्थनेला बंगल्याच्या ओट्यापर्यंत आली, आत नाही. घरी येताना म्हणाली, "तुमचा साहेब लई बोलते. पण गाणं बरं होतं."

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने तेलाची वाटी काढली आणि पायरीवर बसून मला म्हणाली, "ये इकडं. डोकं पाह्य कसं करून ठेवलं." मी तिच्यापुढे खालच्या पायरीवर बसले. ती बोटांनी केसांतला गुंता सोडवत राहिली.