जर्मनचा घडा

मोडलेल्या वस्तूवर आमच्या फुवांइतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या खानदेशात झाला नाही, आणि धड वस्तूकडे त्यांच्याइतक्या संशयाने पाहणाराही झाला नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा, आणि एकदा हे नातं लागलं की माणसाचं खरं नाव कुणाला आठवत नाही. ते धुळ्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर होते. मी जळगावचा. दुसरी लढाई सुरू झाली त्या सुमारास माझी धुळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून बदली झाली. चाळीसगावला गाडी बदलून, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मी त्यांच्या दारात उतरलो तो पुढची काही वर्षं तिथेच राहिलो. फुवांनी माझं स्वागत मोठ्या प्रेमाने केलं. पण बोलताना त्यांची नजर सारखी माझ्या ट्रंकेच्या पितळी कड्यांवर होती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्या घरात एकही वस्तू पहिल्या जन्मातली नव्हती. दाराची कडी पूर्वी उसाच्या चरकात होती. देवघरातली समई दोन गळक्या तांब्यांची आणि एका फुटक्या झांजेची मिळून झालेली. मला भाजी वाढली जाई तो डाव मागच्या जन्मी मोटारीच्या इंजिनात वरखाली होत असे. फुवा पाहुण्याला माणसांची ओळख करून द्यायच्या आधी वस्तूंची करून देत, तीही घराणं सांगून. डाव हातात धरून ते म्हणत, "हाऊ मूळ शिरपूरना शे," आणि पाहुणा बिचारा डावाकडे आदराने पाही. माझी दंतमंजनाची डबी एका सकाळी नाहीशी झाली आणि रविवारी पळी होऊन परत आली. तेव्हापासून मी ट्रंकेला कुलूप घालू लागलो. कुलूप पितळेचं होतं हे माझ्या ध्यानात आलं नाही, तो माझा दोष.

त्यांचं तत्त्वज्ञान साधं होतं. "धातू मरत नही, मास्तर," ते मला सांगत, "त्याले आकारना कटाळा येस, बस." मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे, त्यामुळे हे वाक्य शास्त्राला धरून नाही असं मी त्यांना दोनतीनदा ऐकवलं. ते शांतपणे ऐकून घेत, मान डोलावत आणि मी गेल्यावर माझ्या कंदिलाचं बूड नखाने वाजवून पाहत. ही नखाने वाजवायची सवय मोठी घातक. कुठल्याही धातूला नख मारून, डोळे मिटून ते कान देत आणि त्याची जात सांगत. शिरपूरला एका लग्नात रुखवतातली भांडी मांडली होती, बायका कौतुक करत होत्या, आणि आमचे फुवा रांगेने टिचक्या मारत चालले होते. चौथ्या घागरीपाशी ते थांबले आणि अगदी निर्मळ मनाने म्हणाले, "हाई पितळ नही. लोखंडवर मुलामा शे." त्यांना वाटलं, ही सर्वांना आवडण्यासारखी माहिती आहे. पुढे दोन्हीकडचे व्याही तासभर काय बोलले ते मी लिहीत नाही. त्यानंतर आमच्या नात्यातल्या आमंत्रणाबरोबर, फुवांना हात खिशात ठेवायला सांगा, असा निरोप हमखास येई.

पण खरे फुवा पाहावेत ते त्यांच्या भट्टीपाशी. परसात निंबाखाली एक खड्डा, त्यात कोळसा, एक हातभाता, आणि बाजूला साच्यासाठी पांझरा नदीतली बारीक वाळू चाळून ठेवलेली. जिनाचा हंगाम असला की ते घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची तुसं बसलेली असत. तसेच ते भट्टीपुढे बसत. मुशीत मोड टाकायची, म्हणजे फुटकी पातेली, चेपलेले डबे, तुटकी झाकणं, आणि मग वाट पाहायची. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का ते कुणी सांगत नाही. हे जर्मन वितळताना पाहणं मला, मी एवढा शास्त्राचा मास्तर, तरी फार आवडे. लोखंडासारखं ते लाल होऊन डोळे वटारत नाही. पातेल्याची कड नुसती वाकते, ढिली पडते, आणि बघता बघता मुशीत दुधाच्या सायीसारखं काहीतरी हलू लागतं. निंबाची पानं त्यात दिसतात. संध्याकाळचं आभाळ दिसतं. फुवा गजाने वरची मळी बाजूला सारत आणि त्या चकाकीकडे बघत इतके हरवून जात की फुईने दोनदा जेवायला हाक मारली तरी त्यांना ती लांबच्या गावाहून आल्यासारखी ऐकू येई. मीही तिथे वह्या तपासायला म्हणून बसे आणि एकही वही न तपासता उठे.

फुईचा आणि त्यांचा संसार म्हणजे एक बोलणारा आणि एक न ऐकणारा असा होता, आणि तो उत्तम चालला होता. फुई दिवसभर बोले. आणि तिच्या बोलण्याचं माहेर म्हणजे आळीतला आड. आमच्या आळीत बायका समाईक बादली वापरत नसत. ज्या त्या घरचा घडा, जो तो आपल्या दोराने आडात सोडायचा, अशी रीत होती. फुई सकाळी तांब्याचा घडा कमरेवर घेऊन जाई आणि तासाभराने साऱ्या आळीची खबर घेऊन येई. ती खबर ती भाकरी थापता थापता फुवांना सांगे, फुवा "हां" म्हणत, आणि त्यांचं लक्ष तव्याच्या मुठीकडे असे.

लढाईच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी फुईला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण तिचा उजवा हात गेल्यासारखाच झाला. डॉक्टरांनी बजावलं, जड उचलायचं नाही, कायमचं नाही. तांब्याचा तो घडा रिकामाच इतका जड की मला तो उचलताना दम लागे. मग शेजारणी पाणी आणून देऊ लागल्या. चांगल्या बायका होत्या. पण फुईला दुसऱ्याच्या हातचं पाणी घरात आलेलं बघवत नसे. ती ओट्यावर बसून आडाकडे जाणाऱ्या बायका बघत राही, आणि तिचं बोलणं हळूहळू कमी होत होत एक दिवस बंदच पडलं. विचारलं तर मान हलवी. भाकरीसुद्धा मुक्याने थापू लागली. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि खरं सांगतो, मला तिची भीती वाटू लागली. अशीच ही माणसं संपतात, हे मी माझ्या आईच्या वेळी पाहिलं होतं.

ज्या माणसाला हाक ऐकू येत नसे, त्याला ही शांतता मात्र ऐकू आली. एके संध्याकाळी फुवा भट्टी न पेटवता माझ्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "ती आडवर गयी पाहिजे, मास्तर. नही ते ती ऱ्हात नही." मग त्यांनी ठरवलं ते सांगितलं. जर्मनचा घडा करायचा. लहानसा आणि इतका हलका, की भरल्यावर तिच्या डाव्या हातानेसुद्धा वर ओढता यावा. बाजारात जर्मनचं नवं भांडं औषधालाही मिळत नव्हतं. सगळं म्हणे विमानांना लागत होतं. डोक्यावरून एखादं विमान गेलं की फुवा मान वर करून म्हणत, "चालना कोनना तरी घरना डबा," आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहत. तेव्हा मोड गोळा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रविवारी ते सायकल काढत आणि खेड्याखेड्यांतून फिरत, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. मोडीच्या बदल्यात लोकांच्या मोटेची चाकं दुरुस्त करून देत, कुलपं उघडून देत. परत येत तेव्हा सायकलीवर चेपलेल्या झाकणांची माळ असे आणि तिचा आवाज दोन आळ्या आधी ऐकू येई.

फुई हे सगळं बघत होती. पहिल्यांदा मूस चढली तेव्हा तिने दोन महिन्यांत एकच वाक्य उच्चारलं, "देवले तांबानंच पानी लागस." फुवा म्हणाले, "देवनं पानी मी आनसू. तुन्हं तू आन." आणि दुसऱ्या दिवसापासून, जिनाचा भोंगा व्हायच्या आधी, आमचे फुवा तांब्याचा घडा खांद्यावर घेऊन बायकांच्या रांगेत उभे राहू लागले. बायका पदर तोंडाला लावून हसत. फुवा पुढच्या बाईच्या घड्याला टिचकी मारून डोळे मिटत. आळीत हा एक नवा करमणुकीचा प्रकार झाला.

घडा ओतणं सोपं नव्हतं. पहिला झाला तो इतका जाड की तांब्याच्या घड्याला लाजवील. दुसऱ्याची वाळू ओली राहिली, ओतताना धातू फुटाण्यासारखा उडाला, फुवांच्या हातावर फोड आले आणि घड्याला भोकं पडली. तिसरा दोन तुकड्यांत ओतून, घासून, रिवेटा मारून जोडला, तो गळला. दर वेळी ते घडा शांतपणे फोडत, परत मुशीत टाकत आणि त्याला म्हणत, "चाल, पुन्हा निजी जा." चिडलेले मी त्यांना एकदाही पाहिले नाहीत. चौथ्याला तडा गेला तेव्हा चिडलो मी. मी म्हटलं, हे शास्त्रात बसत नाही, एवढा पातळ घडा घरच्या भट्टीत ओतता यायचा नाही. पाचवा घडा ओतला आणि तो साधला. वाटीसारखा पातळ, आणि इतका हलका की मी तो एका बोटावर तोलला. माझ्या शास्त्राबद्दल फुवा एक शब्द बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तो रविवार मला स्वच्छ आठवतो. फुईने घडा घेतला, उलटसुलट करून पाहिला, काही न बोलता दोर खांद्यावर टाकला आणि कित्येक महिन्यांनी उंबरा ओलांडला. फुवा ओट्यावर बसले, मी त्यांच्या शेजारी. आड तिथून दिसत होता. फुईने घड्याच्या गळ्याला फास घातला, घडा आत सोडला, आणि मग बराच वेळ ती नुसती वाकून राहिली. दोराला हिसका दिला. पुन्हा दिला. बायका जवळ आल्या, त्याही वाकल्या, आणि हसण्याचा जो लोट उठला तो आमच्या ओट्यापर्यंत आला. तांब्याचा घडा आपल्या वजनाने कलंडतो आणि भरतो. हा आमचा घडा पाण्यावर जाऊन ऐटीत उभा राहिला होता आणि काही केल्या बुडत नव्हता. इतके महिने त्याचं वजन कमी करणाऱ्या माणसाला, घड्याला आधी बुडावं लागतं, एवढंच सुचलं नव्हतं. आणि पदार्थविज्ञानाच्या मास्तरालाही सुचलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

फुई परत आली ती लाल होऊन. घडा ओट्यावर आपटला आणि तिने तोंड सोडलं. "हंडा दिन्हा का होडी दिन्ही तुम्ही माले? बठ्ठी आळी हासनी. दोर हालाई हालाई थकी गऊ मी, आनि हाऊ बदकना मायक पवी राह्यना. पाच डाव भट्टी लाई, मन्ही चाळनी गाळी टाकी, आनि करं काय, ते हाई..." तिथून ती चाळणीवर गेली, चाळणीवरून तव्याच्या मुठीवर, मुठीवरून शिरपूरच्या लग्नावर, लग्नावरून फुवांच्या मोठ्या भावावर. साठलेले सगळे महिने बाहेर येत होते. मी मधे पडायला उठलो तर फुवांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. ते प्रत्येक शब्द ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून मिशांत शिरत होतं. माझंही काही वेगळं नव्हतं.

ती दमली तेव्हा फुवा हळूच म्हणाले, "काठले पितळना तुकडा लाई देसू. मंग कलंडी." फुईने घडा जवळ ओढला. "राहू द्या," ती म्हणाली, "आते मीच त्याले शिकाडसू." आणि तिने शिकवलं. दोराला मनगटाचा एक विशिष्ट झोल देऊन ती त्याला आडवा पाडू लागली. चारपाचदा तरी झोल द्यावा लागे, आणि तेवढा वेळ ती कठड्यावर वाकून घड्याला, म्हणजे अर्थात घडवणाऱ्याला, बोलत राही. फुवा जिनात जाताना वाट वाकडी करून आडावरून जात, ते ऐकत.

पुढे माझी बदली जळगावला झाली. लढाई संपल्यानंतरच्या वर्षी फुवा गेले, चार दिवसांच्या तापाने, फारसा कुणाला त्रास न देता. दिवसकार्य झालं, मी परतलो, आणि शाळेच्या सुट्टीत पुन्हा फुईला भेटायला गेलो. आळीच्या तोंडाशी आता नळ आला होता. सगळ्या बायका तिथेच जात. आडावर एकटी फुई होती. घडा पाण्यावर तरंगत होता, दोर ढिला होता, आणि ती कठड्यावर वाकून हळू आवाजात बोलत होती. मला वाटलं, घड्याला रागावते आहे. जवळ गेलो तर ती सांगत होती, कोपऱ्यावरच्या घरची म्हैस व्याली, पारडू आहे; जिनाचा भोंगा दोन दिवस बिघडलाय, कुणाला नीट करता येत नाही.

मी तिच्या हातातून दोर घेतला. म्हटलं, "फुई, नळ असताना हे कशाला? नाहीतर मी याला पितळेचा तुकडा तरी लावून आणतो, झटकन बुडेल."

"नको रे भाऊ," ती म्हणाली, "तो बुडत नही, तवर दोन सबद बोलाई जातस."

मी दोर तिच्या हातात परत दिला आणि थोडा लांब जाऊन उभा राहिलो.